राखणीला बसलेला खासदार

जॉर्ज एडवर्ड्स यांचं नाव निघालं की सगळे एकच सांगतात: शेतमजुराचा पोरगा ब्रिटिश पार्लमेंटात गेला! मग टाळ्या. माझं भांडण त्या टाळ्यांशी आहे. ते तिथे पोचले कसे हे ठाऊक असतं. तिथे बसल्या बसल्या त्यांच्या डोळ्यांदेखत काय गेलं, ते कुणी विचारत नाही.

जन्म १८५०चा, इंग्लंडातल्या नॉरफोकमधल्या मार्शम गावचा. बापानं पोरांच्या पोटासाठी मालकाच्या शेतातले सलगम उचलले, तो तुरुंगात गेला आणि बायकापोरं गरीबखान्यात. पोराला शाळा कुठली? सहाव्या वर्षी कावळे हाकलायला उभा केला, आठवड्याला एक शिलिंग. पुढे लग्न झाल्यावर बायकोनं, शार्लटनं, अक्षरओळख करून दिली. १९०६ साली त्यांनी शेतमजुरांची संघटना काढली, सायकलवरून गावं पालथी घातली आणि १९२०च्या पोटनिवडणुकीत, सत्तरीला टेकलेले असताना, मजूर पक्षातर्फे दक्षिण नॉरफोकचे खासदार झाले.

आता मुद्दा. ज्वारी दाण्यात आली की आपण माळ्यावर गोफणवाला बसवतो. तो भाकरीपुरता खाली उतरला तरी पाखरं कणसांवर बसलीच. मजुरीच्या कायद्याचं तसंच आहे. महायुद्धात, १९१७ साली, कायद्यानं शेतकऱ्याला हमीभाव आणि शेतमजुराला किमान मजुरी मिळाली. मजुरी चढत आठवड्याला ४६ शिलिंगांवर गेली. १९२१मध्ये धान्याचे भाव कोसळले. सरकारनं शेतकऱ्याचा हमीभाव काढला आणि त्याच फटक्यात मजुरी ठरवणारी मंडळंही मोडली. एडवर्ड्स माळ्यावरच होते बरं का! पण एका गोफणीनं एवढा थवा उठतो होय? १९२२ला ते पडले. १९२३च्या मार्चमध्ये नॉरफोकचे मजूर संपावर गेले, तेव्हा मजुरी २५ शिलिंगांवर आली होती. पुन्हा सांगतो, कारण ऐकताना निसटेल: ४६वरून २५, दोन वर्षांत.

त्या डिसेंबरात एडवर्ड्स परत निवडून आले. १९२४मध्ये मजूर सरकारनं जिल्हावार मजुरी समित्या आणल्या, आणि त्याच साली ते पुन्हा हरले. १९३०मध्ये ‘सर’ झाले; असोत.

हमीभावावर आपण चावडीवर तास तास बोलतो. किमान वेतनाचा कायदा आपल्याकडे १९४८मध्येच झाला, पण खुरपणीला आलेल्या बाईची मजुरी ठरवताना त्यातला दर कोण बघतो? तुम्ही बघता? इंग्लंडातल्या त्या मजुरी समित्यांत शेतकरी आणि मजूर समोरासमोर बसत, त्यांची घासाघीस कशी चाले हे सांगायचं होतं, पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याचा हात वर झालाय.