पॉवर टिलर : दुरुस्ती की नवा भाग?



कल्याण, मुरबाड, शहापूर भागात बरेच शेतकरी भाताची चिखलणी पॉवर टिलरने करतात. ऐन लावणीत टिलर बंद पडला, तर 21 ते 25 दिवसांची रोपे जून होतात आणि फुटवे कमी येतात. म्हणून तपासणी मे महिन्यातच करावी.

झिजलेला प्रत्येक भाग बदलावा लागत नाही. चिखलणीच्या लोखंडी चाकाची सुटलेली पट्टी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून जोडून घ्यावी. रोटरीच्या पात्याचे मात्र तसे नाही. ते पोलाद तापवून कडक केलेले असते. वेल्डिंगने जोडाजवळची ताकद जाते आणि दगड लागताच उडालेला तुकडा पायात घुसू शकतो. पाती शक्यतो पूर्ण संचच बदलावीत, म्हणजे यंत्र हादरणार नाही.

गिअरपेटीतील तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले असे समजावे. तेल व ऑईल सील लगेच बदलावे. नाहीतर बेअरिंग आणि गिअरही खराब होतात.

तेव्हा एकच कसोटी लावा. हा भाग तुटला तर काम फक्त थांबेल, की माणसाला वा दुसऱ्या भागाला इजा होईल? इजा होणार असेल, तर नवाच घ्या. तपासताना इंजिन बंद ठेवण्यास विसरू नका.