शेड उभारता उभारता गवंडीकाम
(भाषणाचा मजकूर)



ट्रॅक्टर घरी येतो, त्याची कर्जफेडही सुरू होते. परंतु त्याला निवारा मिळण्यास पुष्कळदा काही वर्षे जातात. तोवर तो निंबाखाली उन्हापावसात उभा असतो. त्याच गावातील एखादा तरुण बांधकामावर बिगारी म्हणून राबत असतो आणि थापी हाती येण्याची वाट पाहत असतो. एकाला शेड हवी आहे, दुसऱ्याला विद्या. वाशीम जिल्ह्यातील ग्रामपंचायतींनी या दोन गरजांची गाठ घालून द्यावी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रशिक्षण वर्गात भिंत रचावयाची, ती तपासावयाची आणि पाडून टाकावयाची, ही रीत जुनी आहे. पाडावयाच्या भिंतीत ओळंबा अर्धा इंच चुकला तरी कोणाची झोप उडत नाही. म्हणूनच २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत गवंड्यांचे ४५ दिवसांचे प्रशिक्षण प्रत्यक्ष लाभार्थ्याचे घर बांधूनच देण्याची पद्धत ठेवली गेली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाची धारणाही हीच होती: विद्यार्थ्याने गावाला उपयोगी पडणारे खरे काम करावे आणि त्यातून शिकावे.

शेड लहान असते, म्हणून ती शिकावयास सोयीची. बारा फूट रुंद आणि सोळा फूट लांब शेडीची आखणी घ्या. कोपरे काटकोनात आहेत की नाहीत हे कसे ओळखावे? दोन्ही कर्ण मोजावेत. ते बरोबर वीस-वीस फूट भरले पाहिजेत. शाळेच्या फळ्यावर कंटाळवाणा वाटणारा पायथागोरस येथे दोरी आणि खुंटीच्या रूपाने भेटतो. शिक्षकांनी आखणीच्या दिवशी आठवी-नववीचा वर्ग तेथे अवश्य न्यावा.

खरी परीक्षा पायाची. जिल्ह्यातील काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया टाकला की दोन-चार पावसाळ्यांतच भिंतीला तिरप्या भेगा पडू लागतात. काळी माती संपून घट्ट मुरूम लागेपर्यंत खणावे, जोत्यात काळी माती न भरता मुरूमच भरून चोपावा आणि जोत्याच्या पातळीवर सळईयुक्त काँक्रीटचा पट्टा फिरवावा. मुरूम फारच खोल असेल तर अभियंत्याला विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. शिकाऊ गड्याला खणण्याचे काम हलके वाटते; पण मुरूम केव्हा लागला हे ओळखणे हीसुद्धा विद्याच आहे.

काँक्रीट कालवताना हात सैल सुटतो. ५० किलोच्या पिशवीस सुमारे २५ लिटर पाणी पुरेसे असते, वाळू ओली असल्यास त्याहूनही कमी. माल लवकर पसरावा म्हणून आणखी एक बादली ओतली की काम सोपे होते आणि काँक्रीट दुबळे. ही बादली रोखणारा गवंडी शेजारी हवाच.

शेडीचे दार रुंद असते, त्यामुळे त्यावरील लिंटेल हा महत्त्वाचा धडा ठरतो. भाराने लिंटेल मधोमध खाली वाकू पाहते. खालची बाजू ताणली जाते. काँक्रीटला ताण सोसत नाही, म्हणून मुख्य सळया खालच्या बाजूस हव्यात. त्याच भिंतीतून बाहेर काढलेल्या छज्जाचे मात्र उलट: तेथे ताण वर येतो, सळयाही वरच हव्यात. काँक्रीट ओतताना कामगारांच्या पायांखाली त्या दबल्या, तर सेंट्रिंग काढताच छज्जा कोसळू शकतो. हा फरक कागदावर दहा वेळा वाचण्यापेक्षा एकदा सळया बांधून पाहिलेल्या माणसाच्या ध्यानात अधिक राहतो.

चूक झाली तर भुर्दंड शेडमालकाला बसतो, ही शंका रास्त आहे. अनुभवी गवंड्यांचीच जुनी तोड येथे कामी येते. कोपरे आणि ओळंबा जाणत्याने सांभाळावयाचे. दोन कोपऱ्यांमध्ये दोरी ताणून मधले थर शिकणाऱ्याने भरावयाचे. हात बसला की पुढील थरापासून एक कोपरा त्याच्याकडे द्यावा. छपराचे पत्रे मात्र जाणत्याच्या देखरेखीखालीच आवळावेत. उन्हाळी वावटळ सैल पत्रा उचलून नेते.

आणखी एक गोष्ट. घमेले वाहणाऱ्या स्त्रिया वर्षानुवर्षे घमेलेच वाहतात. गवंड्याची मजुरी त्यांच्या वाट्यास क्वचितच येते. झारखंडात स्वच्छ भारत मोहिमेत शौचालये बांधून स्त्रिया ‘राणी मिस्त्री’ म्हणून ओळखल्या गेल्या. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या शेडीचा ठराव करताना शिकणाऱ्यांच्या यादीत स्त्रियांची नावे आरंभीच घालावीत, आणि थापी कोणाच्या हाती किती दिवस होती याची नोंद हजेरीपटात ठेवावी. पुढे काम मागताना तीच उपयोगी पडेल.

हंगामाचा विचार आधी करावा. सोयाबीन निघाल्यावर पाया खणावा. बाजारात बहुधा मिळणाऱ्या मिश्र सिमेंटच्या कामाला किमान दहा दिवस ओल हवी. काँक्रीटवर ओली पोती पसरल्यास पाणी वाचते. उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठल्यावर ते पाणी गावाजवळ मागता येणार नाही, तेव्हा भिंती फेब्रुवारीपूर्वी पुऱ्या व्हाव्यात.