बदकाची पिले आणि परातभर पाणी



बदकाच्या पिलाला पाण्याची भीती कसली, असे आपण सारेच धरून चालतो. मीही तसेच धरून चाललो होतो. पण येरवड्याला आमच्या घरी पहिल्यांदा बदकांची पिले आली, त्यांतली तीन पाण्यानेच दगावली, आणि तेही नदीत नव्हे, तळ्यात नव्हे, घरच्या परातीत.

पिले होती बारा, एक दिवसाची, खाकी कॅम्पबेल जातीची. ही जात मूळची इंग्लंडातली. अ‍ॅडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर संकर करून ती तयार केली. या संकरात इंडियन रनर ही उभ्या मानेने तुरुतुरु चालणारी जातही होती. निगा नीट राखली तर खाकी कॅम्पबेलची मादी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. हे सगळे मी पुस्तकात वाचले होते. पुस्तकी माणसाची हीच तर अडचण. जात पाठ असते, पिलू ठाऊक नसते.

लाकडी खोक्यात रद्दीचे कागद अंथरले, वर एक विजेचा दिवा टांगला आणि आम्ही निर्धास्त झालो. दिवा होता हल्लीचा, एलईडीचा. लखलखीत उजेड! पण हे दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत. पिले रात्रभर एकमेकांच्या अंगावर चढून चिवचिवत होती आणि आम्हाला वाटले, खेळताहेत. दुसऱ्या दिवशी मुलांनी हट्ट धरला, म्हणून मोठ्या परातीत पाणी भरून पिले त्यात सोडली. काय सुरेख पोहली म्हणता! सारी आळी पाहायला जमली. अर्ध्या तासाने बाहेर काढली, ती ओलीचिंब. संध्याकाळी त्यांच्या माना लटकू लागल्या, आणि सकाळी तीन पिले खोक्याच्या कोपऱ्यात निपचित पडलेली होती.

शेजारी एक आजी राहतात. आयुष्यभर कोंबड्या पाळलेल्या. त्यांनी खोक्यात डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, "अहो मास्तर, कोंबडीचं पिलू भिजवलं असतंत का तुम्ही?" मी म्हटले, "आजी, पण हे बदक आहे." तर म्हणाल्या, "बदक मोठेपणी. आत्ता नुसती लव आहे अंगावर. आई कुठाय त्याची?"

मंडळी, आजींच्या त्या शेवटच्या प्रश्नात सारे शास्त्र आले. मोठ्या बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची एक ग्रंथी असते. चोचीने ते तेल घेऊन बदक पिसांवरून फिरवते, आणि दाट बसलेल्या त्या पिसांवरून पाणी ओघळून जाते. पिलाच्या अंगावर मात्र पिसे नसतात, मऊ लव असते. रानातली पिले पहिल्या दिवसापासून पोहतात हे खरे. पण पाण्यातून आली की ती आईच्या पंखाखाली शिरतात, तिथे कोरडी होतात, ऊब घेतात. आमच्या पिलांना पंख कोणाचा होता? एलईडीचा!

मग आम्ही सारे नव्याने मांडले. कागद गुळगुळीत, त्यावर पिलांचे पाय फाकतात, म्हणून गोणपाट अंथरले. पुढे साळीचा तूस, आणि तो ओला झाला की लगेच बदलायचा. तापणारा जुन्या पद्धतीचा दिवा शोधून आणला. पहिल्या आठवड्यात पिलांच्या उंचीवर २९ ते ३२ अंश सेल्सियस ऊब हवी. मग दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करत चौथ्या आठवड्यात ती २४ अंशांवर आणायची. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पिले दिव्याखाली गठ्ठा करून बसली की त्यांना थंडी वाजते आहे. चोच उघडी टाकून कडेला पळाली की उकडते आहे. मोकळी पसरून झोपली की ठीक आहे असे समजावे.

आणि पाणी? ते तर हवेच, पण पिण्यापुरते. कोंबडीच्या पिलापेक्षा बदकाच्या पिलाला पाण्याचे भांडे जरा खोल लागते, कारण त्याला चोच नाकपुड्यांपर्यंत बुडवून धुवावी लागते. नाही तर नाकात खाद्य बसते. दोन ते तीन इंच पाणी पुरे. भांड्यात दगडगोटे टाकून ठेवावेत, म्हणजे चोच जाते, अंग जात नाही. कोरडा भरडा एकटा ठेवू नये. तो घशात बसतो. थोडा ओलसर करून द्यावा, शेजारीच पाणी असावे, आणि उरलेला आंबण्याआधी काढून टाकावा.

खाण्याच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, बदकाच्या पिलाला नायसिन नावाचे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलापेक्षा बरेच जास्त लागते. ते कमी पडले की पाय वाकतात, पिलू फेंगडे चालते. गव्हाचा कोंडा, सुकी मासळी, यीस्ट यांतून ते मिळते. दुसरी गोष्ट आपल्या भागात जास्त महत्त्वाची. १९६० साली इंग्लंडात लाखावर टर्कीची पिले मेली, त्यांबरोबर बदकांचीही. शोध घेतला तेव्हा दोष निघाला ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत. ॲस्परजिलस फ्लेवस नावाच्या बुरशीने तीत विष तयार केले होते; त्यालाच पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव पडले. बदकाचे पिलू या विषाला इतके हळवे की ते तपासायला शास्त्रज्ञांनी बदकाचीच पिले वापरली. पावसाळ्यात आपल्या घरी पेंड आणि मका कसा बुरसतो, हे काय मी सांगायला हवे? वास आला, जाळी दिसली, की टाकून द्या. "गुरांना चालतं" म्हणून पिलांपुढे ओतू नका. खरे म्हणजे गुरांनाही ते चालत नाही.

उरलेली नऊ पिले वाचली. पुढच्या खेपेला मात्र मी आजींचेच ऐकले. खाकी कॅम्पबेल स्वतः सहसा अंड्यांवर बसत नाही, म्हणून त्यांनी आपली खुडूक कोंबडी दिली. तिच्याखाली बदकाची आठ अंडी ठेवली. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, बदकाची २८. आठवडाभर जास्त बसायचे, म्हणून तिला रोज उठवून दाणापाणी द्यावे लागते. शेवटच्या दिवसांत अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका शिडकावा करायचा. सात पिले निघाली, आणि बाई त्यांना आपलीच समजून डालग्याखाली पंख पसरून बसली. पिलांनीही तिलाच आई मानले. जन्मल्यावर पहिल्यांदा जे हलते दिसेल त्याच्या मागे ही जात लागते. या गोष्टीचा अभ्यास करणारे कॉनराड लोरेन्झ यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शिक्षक मित्रहो, शाळेत पिले वाढवलीत तर मुलांकडून रोज एकदा वजन करवून वहीत टिपून घ्या. वजन वाढायचे थांबले तर पिलू आजारी दिसण्याआधीच कळते.

एक प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात: नदी जवळ आहे, मग पिले तिथे का सोडत नाही? येरवड्याजवळ मुळा-मुठेच्या काठी डॉ. सालीम अलींच्या नावाने ओळखला जाणारा पक्ष्यांचा टापू आहे. हळदीकुंकू बदक तिथे दिसते, हिवाळ्यात चक्रवाक येतात. रानबदके बर्ड फ्लूचा विषाणू स्वतः आजारी न दिसता बाळगू शकतात, आणि घरची बदकेही तो तसाच कोंबड्यांपर्यंत आणू शकतात. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांवर काय प्रसंग आला, ते पुष्कळांना आठवत असेल. शिवाय शहरातून वाहत आलेले ते पाणी! म्हणून घरची बदके घरीच.

आम्ही अंगणात वीतभर खोल खड्डा खणून त्याला सिमेंटचा गिलावा केला. एका बाजूने उतार ठेवला, म्हणजे पिलांना चढून येता येते. चार आठवडे पुरे होईपर्यंत त्यावर फळी होती. पाचव्या आठवड्यात एका स्वच्छ उन्हाच्या दुपारी फळी काढली. साती पिले धडाधड पाण्यात! आणि ती कोंबडी काठावरून अशी ओरडत धावू लागली की पाहवेना. एक पाय पाण्यात घालायची, झटकायची, पुन्हा धावायची. दहा मिनिटांनी आम्ही पिलांना बाहेर हाकलले, तेव्हा त्यांच्या पाठीवर पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे होते. आजी म्हणाल्या, "आता भिजत न्हाईत बघा." कोंबडीची मात्र समजूत पटली नाही. त्या दिवसापासून ती रोज दुपारी त्या खड्ड्याच्या काठावर येऊन बसते.