चाकाखालचं लिंबू आणि फिल्टरमधलं पाणी



खंडेनवमीला भालकीपासून आळंदपर्यंत कुठल्याही गावात जा, पिकअप गाड्या नवरदेवासारख्या उभ्या असतात. बंपरला केळीचे खुंट, आरशाला झेंडूच्या माळा, काचेवर कुंकवाची बोटं. कोहळा फुटतो, चारी चाकांखाली लिंबं ठेवली जातात आणि गाडी हळूच पुढं घेतली जाते. मीही गेली वीस-बावीस वर्षं हे करतो, पुढंही करणार. पण त्या दिवशी गाडी धुवायला जेवढा वेळ जातो, त्याच्या निम्म्या वेळासाठीही बॉनेट उघडलं जात नाही. माझंही असंच चालायचं. एका तुरीच्या हंगामात अक्कल आली.

झालं असं की राशीच्या मशीनसाठी आणलेलं डिझेल घरी बॅरलमध्ये होतं. पावसाळाभर बॅरल अर्धं रिकामं पडलं होतं. पोती भरली, उदगीरच्या मोंढ्याला निघायचं, पंप लांब; म्हटलं यातलंच दहा लिटर टाकू. दहा-बारा किलोमीटरवर गाडीनं दोन आचके दिले आणि उभी राहिली. मेस्त्री आला, फिल्टरच्या बुडाचा स्क्रू ढिला केला, खाली बाटली धरली आणि बाटलीकडं बघत आपल्या दखनीत म्हणाला, "भय्या, गाडी डीजल पे चलती, पानी पे नै." बाटलीत तळाशी तीन बोटं पाणी होतं. त्या महिन्याची सगळी कमाई दोन इंजेक्टरांत गेली.

हे पाणी येतं कुठून? बॅरल किंवा टाकी अर्धी रिकामी असली की वरच्या जागेत हवा असते, हवेत ओल असते. रात्री पत्रा गार पडतो आणि आतून दव धरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला जातं, आणि गाडी डिझेल ओढते तळातूनच. जुन्या इंजिनांना थोडंफार पाणी चालून जायचं. आताच्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या हजार पटीहून जास्त असतो आणि इंजेक्टरची भोकं केसाएवढी. पंपातल्या, इंजेक्टरमधल्या भागांना वेगळं ऑईल नसतं, डिझेलच त्यांचं वंगण. तिथं पाणी गेलं की गंज धरतो, धातू धातूला घासतो. म्हणून पावसाळ्यात तरी आठवड्याला एकदा फिल्टरच्या बुडातलं पाणी काढा, आणि मुक्कामाला गाडी लावताना टाकी भरलेली ठेवा. पैसे तेवढेच लागतात, फक्त सकाळऐवजी संध्याकाळी.

आता धुळीकडं येतो. आपल्या भागात धूळ दोन रंगांची. बीदरकडं तांबडी, कलबुर्गीकडं काळी. बीदरच्या ज्या जांभ्या दगडात पंधराव्या शतकात करेज खोदून जमिनीखालून पाणी खेळवलं, त्याच दगडाची पूड आज आमच्या एअर फिल्टरमध्ये बसते. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या तापानंच डिझेल पेटतं. एक लिटर डिझेल जाळायला कमीत कमी दहा हजार लिटर हवा लागते. म्हणजे चाळीस लिटरची टाकी संपेपर्यंत इंजिन चार लाख लिटर हवा ओढतं, तीही पुढच्या ट्रॅक्टरनं उडवलेल्या फुफाट्यातली. वाळूचा बारीक कण लोखंडाहून कडक असतो. तो आत गेला की रिंग आणि लायनर खातो, मग गाडी ऑईल पिते, निळा धूर मारते.

पण म्हणून रोज फिल्टर काढून बंपरवर आपटू नका. आपटल्यानं कागदाची घडी मोडते, पंक्चरवाल्याच्या हवेचा जोरदार झोत मारला की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. वरून फिल्टर स्वच्छ दिसतो आणि धूळ सरळ आत जाते. हवा मारायचीच तर मंद, आतून बाहेर. थोडा मळलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा धूळ चांगली अडवतो, हे ऐकून मलाही आधी खरं वाटलं नव्हतं. धूर काळा यायला लागला, ओढ कमी झाली, की नवा टाका. कंपनीच्या पुस्तकात फिल्टरचे आणि ऑईलचे किलोमीटर दिलेले असतात. त्याच पुस्तकात, बहुतेक वेळा बारीक अक्षरात, धुळीच्या रस्त्यासाठी आणि जड वापरासाठी वेगळा, कमी आकडा असतो. आपला आकडा तो. औरादच्या आतल्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीनं शहरातल्या गाडीचा आकडा धरू नये.

ऑईलबद्दल एक गैरसमज फार आहे. "ऑईल काळं पडलं, बदल." डिझेलचं ऑईल दोन-तीन दिवसांत काळं पडतंच. काजळी स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. घाबरायचं ते काट्यावर ऑईल दुधाळ दिसलं तर. तसं दिसलं की पाणी मिसळलंय, मग स्टार्टर मारू नका. आणि 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांना साधं जुनं ऑईल चालत नाही, त्यांना कमी राख सोडणारं लागतं. ती राख सायलेन्सरच्या वाटेवरच्या काजळीच्या फिल्टरमध्ये साचते आणि तिथून जाळून काढता येत नाही. काजळी मात्र जळते, पण त्यासाठी गाडी नीट तापावी लागते. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात पाच-सात किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत ती जळतच नाही, आणि मीटरवर दिवा लागतो. दिवा लागला की पुस्तकात सांगितलंय तसं हायवेला एका चालीनं पळवा. पुणे-हैदराबाद रस्ता आपल्या बसवकल्याण, हुमनाबादवरूनच जातो. काही गाड्यांना निळ्या झाकणाची वेगळी टाकी असते, तिच्यात युरियाचं तयार द्रावण जातं. शेतातला युरिया घोळून ओतणारे मला भेटलेत. तसं करू नका.

रेडिएटरचं तर आपल्याकडं दुहेरी दुखणं. बाहेरून राशीचा भुसा जाळीत अडकतो, आतून बोअरच्या जड पाण्याचा क्षार धरतो. उन्हाळ्यात कलबुर्गीचा पारा बेचाळीसच्या पुढं जातो, तेव्हा दोन्ही एकदम अंगावर येतात. भुसा मागून पुढं, इंजिनाच्या बाजूनं हवा मारून काढा, आणि आत कूलंट घाला, तांब्या नको. गरम असताना झाकण उघडू नये, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दरवर्षी कुणाचा तरी हात भाजतो.

राहिलं वजन. कलबुर्गीच्या तुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती तूर बाजारात न्यायला आपण पंधरा क्विंटलच्या गाडीत पंचवीस क्विंटल भरतो. एक खेप वाचते, हे खरं. पण पाटे बसतात, यू-बोल्ट ढिले होतात, सेंटर बोल्ट तुटला की मागचा धुरा सरकून गाडी तिरकी चालते. ब्रेकचे लायनर तापून चकाकतात आणि ब्रेक लागत नाहीत. जड खेप झाली की दुसऱ्या दिवशी यू-बोल्टला पाना लावून बघा, शॅकलला आणि प्रॉपेलरच्या क्रॉसला ग्रीस मारा. टायरची हवा गार असतानाच बघा. आणि उताराला डिझेल वाचवायला इंजिन बंद करणाऱ्यांना एवढंच सांगतो, ब्रेकच्या बूस्टरला ओढ इंजिनावरच्या पंपातून मिळते. इंजिन बंद केल्यावर दोन-तीनदा पेडल दाबलं की ते दगडासारखं होतं. त्यात पंचवीस क्विंटल तूर मागं असते.

माझ्या गाडीत आता सीटखाली एक रिकामी काचेची बाटली असते आणि दोरीला बांधलेली वही. वहीत तारीख, किलोमीटर आणि काय बदललं, एवढंच. मेस्त्री बदलला तरी वही बदलत नाही, आणि गाडी विकताना गिऱ्हाईक सगळ्यात आधी तीच मागतं. तुमच्या गाडीत अशी वही नसेल तर घरातल्या पोराच्या शाळेच्या वहीची उरलेली पानं चालतील. उद्या सकाळी स्टार्टर मारायच्या आधी गाडीखाली वाकून बघा, रात्रीत काय गळलंय ते, आणि पहिली ओळ लिहा.