शाळेशेजारचे घर कुणाचे?



शाळा आणि घरे एकाच आवारात असावीत, ही कल्पना ऐकताक्षणी पटते. परंतु पैसा कोण देतो आणि घर कुणाच्या वाट्याला येते, हे विचारल्यावाचून तिची पारख होत नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९६० नंतरच्या दशकात यासाठी एक सरकारी निधी स्थापन झाला. शाळेच्या जमिनीवर खासगी बांधकाम होऊ द्यायचे आणि त्याच्या उत्पन्नातून शाळेच्या इमारतीचे कर्ज फेडायचे, अशी ही योजना. मॅनहॅटनच्या ५७व्या रस्त्यावर २०१२ साली दोन सार्वजनिक शाळांना अशाच व्यवहारातून नव्या वास्तू मिळाल्या. ही जमेची बाजू नाकारण्याचे कारण नाही. मात्र शेजारी उभा राहिला तो धनिकांच्या आलिशान सदनिकांचा मनोरा. कामकरी आईबापांना तेथे बिऱ्हाड थाटणे शक्य नाही.

व्हिएन्नाने हिशेब निराळा मांडला होता. तेथील नगरपालिकेने १९२३ साली चढत्या दराचा घरबांधणी कर बसवला. मोठ्या घरांवर तो जबर होता. नगरपालिका सोशल डेमोक्रॅटांची होती, आणि त्यांच्याशी आपले मतभेद जुने आहेत, ते असोत. त्या करातून १९३० साली ‘कार्ल मार्क्स होफ’ उभा राहिला. होफ म्हणजे आपला वाडाच, पण किलोमीटरभर लांबीचा, १,३८२ घरांचा. आत बालवाड्या, वाचनालय, सार्वजनिक धुलाईघरे. धुण्याला निघालेल्या आईने जाता जाता मुलाला बालवाडीत सोडावे, इतके सारे हाताशी. १९३४च्या फेब्रुवारीत सरकारी सैन्याने त्यावर तोफा डागल्या. ती घरे आजही नगरपालिकेच्याच मालकीची आहेत.