फटफटीचा कणा

मराठींत मोटारसायकलला ‘फटफटी’ हें नांव तिच्या आवाजावरून पडलें आणि तें इतकें चपखल बसलें कीं, ज्या घरांत आजोबांच्या वेळची एखादी गाडी जिन्याखालीं ताडपत्रीनें झांकून ठेवलेली असते, तेथें आजहि तिचा उल्लेख याच नांवानें होतो. अशी गाडी बाहेर काढून ती होती तशी चालती करावी, हा एक मार्ग. दुसरा मार्ग अलीकडे तरुण मंडळींना अधिक भुरळ घालतो. मागचें मडगार्ड आखूड कापावें, लांब बैठक काढून एकट्यापुरती लहान सीट बसवावी, मागच्या चाकाच्या स्प्रिंगा काढून टाकाव्या आणि सांगाड्याच्या नळ्या थेट चाकाच्या आंसापर्यंत ताठ न्याव्या. अशा गाडीला ‘बॉबर’ म्हणतात. हें काम दुसऱ्याकडून करून न घेतां इमारतीच्या तळमजल्यावर, मिळेल त्या मोकळ्या जागेंत, आपल्या हातांनीं करावयाचें यांतच त्या हौसेची खरी गोडी आहे.

विक्रोळीसारख्या उपनगरांत ही हौस रुजावी यांत नवल नाहीं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठीं लागलेल्या लोखंडी मतपेट्या येथल्याच गोदरेजच्या कारखान्यांत घडल्या. पत्रा, लेथ, कानस आणि वेल्डिंगची ठिणगी हीं टागोरनगर किंवा कन्नमवारनगर येथील जुन्या रहिवाशांना अपूर्वाईचीं वाटत नाहींत. सुटे भाग शोधावयाचे तर कुर्ल्याचा भंगार बाजार हाकेच्या अंतरावर आणि चोरबाजारहि फार दूर नाहीं. अवजारें आहेत, हात आहेत, गाडीहि आहे. मग अडचण कोठें आहे?

अडचण गाडीच्या कण्यांत आहे. करवत हातांत घेण्यापूर्वीं एका प्रश्नाचें उत्तर मिळवावें लागतें: ही गाडी जन्मतःच ताठ सांगाड्याची होती, कीं तिला कारखान्यानेंच मागच्या स्प्रिंगा देऊन बाहेर पाठविलें होतें?

हा प्रश्न महत्त्वाचा कां, हें बॉबरच्या जन्मकथेवरून कळतें. इंग्रजींत ‘बॉब’ म्हणजे आखूड कापणें; शेपूट तोडलेल्या घोड्यासाठीं तोच शब्द वापरतात. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील हौशी स्वारांनीं शर्यतींतल्या सडपातळ गाड्या पाहून आपल्या अवजड प्रवासी गाड्यांवरचा भार उतरविण्यास सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी गाड्या विक्रीस आल्या, तेव्हां ही रीत आणखी फैलावली. पण त्या स्वारांनीं सांगाडा ताठ ‘केला’ नव्हता. तो ताठच होता. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या गाडीला मागें स्प्रिंगा मिळाल्या त्या १९५८ सालीं. म्हणजे ज्याला आज बॉबरचें मुख्य लक्षण समजतात, तें त्या काळीं कोणाच्या आवडीचा भाग नव्हतें. दुसरें कांहीं उपलब्धच नव्हतें!

ब्रिटिश गाड्यांचीहि तीच कथा. बीएसएच्या ‘एम २०’ या ४९६ सीसीच्या गाडीचा जन्म १९३७ चा. महायुद्धांत अशा सव्वा लाखांच्या आसपास गाड्या सैन्याला पुरविल्या गेल्या, आणि त्या साऱ्या ताठ सांगाड्याच्या होत्या. नॉर्टनची ‘१६ एच’ तशीच. अशी एखादी गाडी हातीं असेल तर तिला बॉबर करण्यासाठीं सांगाड्याला कानसहि लावावी लागत नाहीं. परंतु मुंबईच्या जिन्यांखालीं ज्या गाड्या अधिक सांपडतात त्या वेगळ्या. रॉयल एनफील्डनें १९४९ सालीं जी बुलेट बाजारांत आणली, तिचें वैशिष्ट्यच मागचा हलता बाहु आणि त्यावरच्या स्प्रिंगा हें होतें. १९५५ पासून मद्रासजवळ तयार होऊं लागलेली बुलेट तिचीच वारस. १९६१ पासून म्हैसुरांत बनलेली जावा, आणि पुढें तिच्या जागीं आलेली येझदी, यांनाहि मागें स्प्रिंगा आहेत. या गाड्यांना ताठ करणें म्हणजे कारखान्यानें बुद्धि खर्चून साधलेली सुधारणा करवतीनें पुसून टाकणें होय.

स्प्रिंग ही केवळ बसणाऱ्याच्या सुखासाठीं असते असा एक सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा. चाक खड्ड्यांत उतरून वर येतांना टायर रस्त्याला चिकटून राहावा, हें तिचें खरें काम. टायर जमिनीवर आहे तोंपर्यंतच ब्रेक लागतो आणि गाडी वळते. ताठ सांगाड्यांत हें काम एकट्या टायरमधल्या हवेवर येऊन पडतें, आणि सीटखालच्या स्प्रिंगा स्वाराची पाठ वांचवितात, चाकाला त्यांचा कांहीं उपयोग नाहीं. श्रावणांत लालबहादुर शास्त्री मार्गावरून जो एकदां गेला आहे त्याला अधिक सांगण्याची गरज नसावी.

आतां कापण्याच्या कृतीविषयीं. बुलेटच्या सांगाड्यांत इंजिन नुसतें टांगलेलें नसतें. खालच्या बाजूनें तें स्वतःच सांगाड्याचा एक दुवा होऊन भार वाहतें. हलत्या बाहूचा खिळा गिअरबॉक्सच्या मागें, आणि स्प्रिंगांचीं वरचीं टोकें सीटखालच्या कमानीला. मागचा भाग कापून काढला कीं हे भाराचे सारे मार्ग तुटतात, आणि नव्या नळ्यांनीं दोन्ही बाजूंस त्रिकोण करून ते पुन्हां बांधावे लागतात. नळी सांध्याशिवायची, जाडीला मुळच्याहून कमी नसलेली हवी. जोडाच्या जागीं आंत घट्ट बसणारा लोखंडी तुकडा घालून, बाहेरच्या नळीला भोकें पाडून तेथूनहि तो जोडून घ्यावा लागतो. नुसते टोकाला टोक लावून फिरविलेला वेल्ड खड्ड्यांच्या रोजच्या धक्क्यांपुढें टिकत नाहीं. आणखी एक गोष्ट घरच्या कारागिराला ठाऊक नसते. जुन्या ब्रिटिश सांगाड्यांचे सांधे पुष्कळदां ओतीव लोखंडाच्या खोबणींत नळी बसवून पितळेच्या डागानें जोडलेले असतात. अशा ओतीव सांध्यावर विजेचा वेल्ड चालविला तर तो भाग थंड होतांना काचेसारखा ठिसूळ होतो. वरून रंग दिल्यावर जोड सुंदर दिसतो, आणि तडा आंत पडलेला असतो.

सर्वांत कठीण काम सरळपणाचें. वेल्डच्या उष्णतेनें नळी एका बाजूस ओढली जाते. जोडाजवळ केसभर पडलेला फरक आंसाशीं जाईपर्यंत कित्येक पटींनीं वाढतो, आणि मग दोन्ही चाकें एका रेषेंत राहत नाहींत. गाडी हात सोडतांच एका अंगाला जाऊं पाहते. म्हणून सांगाडा जड, सपाट बैठकीवर चोहोंकडून आवळून मगच त्याला आंच दाखवितात. तळमजल्यावरच्या फरशीवर विटा रचून हें साधत नाहीं, मग हात कितीहि सराईत असो. कांहीं मंडळी ही सारी दगदग टाळण्यासाठीं स्प्रिंगांच्या जागीं लोखंडी दांडे बसवून मोकळी होतात. सर्वांत वाईट युक्ति हीच. जो धक्का स्प्रिंग गिळीत असे तो आतां कमानीच्या अशा कानांवर आदळतो, जे तेवढ्या माऱ्यासाठीं घडविलेलेच नव्हते.

हें सर्व साधलें तरी पुढें कायदा उभा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशील आणि उत्पादकानें ठरविलेलें मूळ स्वरूप यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक बदलाला पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. विक्रोळीच्या गाड्यांची नोंद वडाळ्याच्या कार्यालयांत ‘एमएच ०३’ या अक्षरांखालीं होते. तेथें तपासणीला कापलेला सांगाडा नेणें म्हणजे आपणहून कबुलीजबाब देणें.

याहून चुटपुट लावणारी गोष्ट निराळीच आहे. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठीं स्वतंत्र नोंदणीची सोय केली. अशा गाडीच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. रोजच्या वापराला तिला परवानगी नाहीं, पण प्रदर्शनांत आणि मेळाव्यांत ती मानानें मिरवूं शकते. अट मात्र एक आहे: गाडी मूळ स्वरूपांत राखलेली हवी, सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे १९७० पूर्वींची जी जावा किंवा बुलेट आज या मानाला पात्र आहे, तिला करवतीच्या चार फेऱ्या कायमचें अपात्र करून टाकतात. जुन्या गाडीचें जुनेपण हीच तिची दौलत. ती उधळावयाची आणि वर त्याला तिचा उद्धार म्हणावयाचें, हा न्याय अजब आहे.

तरीहि हौसेला वाट नाहीं असें नव्हे. जी गाडी मुळांत ताठ सांगाड्याची आहे, तिच्यावरचें लष्करी ओझें उतरवावें: सामानाचे सांगाडे, मागचें जड कॅरिअर. सांगाड्यावर कोठेंहि नवें भोंक न पाडतां, असलेल्याच बोल्टांवर सारें बसवावें, म्हणजे मनांत आलें तर एका रविवारीं गाडी पूर्ववत् करतां येते. व्हीए नोंदणीला नेतांनाहि ती आधीं पूर्ववत् करूनच न्यावी. आखूड मडगार्ड हवें असेल तर मुळचें कापूं नये. बाजारांतलें नवें, नकली आणावें आणि करवतीची हौस त्यावर भागवावी. ताठ सांगाड्यांत चाक वरखालीं होत नसल्यामुळें मडगार्ड टायरच्या अगदीं लगत, दोनएक बोटांवर, बसवितां येतें. बॉबरच्या रेखीवपणाचें रहस्य एवढेंच. मात्र साखळी ताणतांना चाक मागें सरकतें, तेवढी फट आधींच सोडावी. पुढचें मडगार्ड परदेशच्या चित्रांत दिसत नाहीं म्हणून काढण्याचा मोह होतो. पण त्या चित्रांत मुंबईचा आषाढहि दिसत नाहीं. बुलेट वा जावा असेल तर स्प्रिंगांना हात न लावतां, जेवढें काढून परत लावतां येईल तेवढ्यावर समाधान मानावें, आणि ज्या बदलाला परवानगी लागते तो परवानगी घेऊनच करावा.

काढलेल्या भागांची निगा हें विक्रोळींत निराळें काम होऊन बसतें, कारण ठाण्याच्या खाडीची खारी हवा उघड्या लोखंडाला एका पावसाळ्यांत खाते. प्रत्येक भाग रॉकेलनें धुवून, वाळवून, त्यावर ग्रीसचा हात फिरवून मेणकागदांत गुंडाळावा. बोल्ट ज्याचे त्याच्याच पुडींत, आणि पुडीवर नांव लिहिलेलें असावें. पेट्रोलची टाकी पुरी रिकामी करून ठेवावी, देवघर आणि स्वयंपाकघर यांपासून दूर.