कर्णा : घरातला आणि अंगणातला

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त तारनाका येथे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून ग्रंथांविषयी न बोलता लाऊडस्पीकरच्या कर्ण्याविषयी बोलावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. ग्रंथालयात ‘शांतता राखा’ अशी पाटी असते आणि कर्णा हा तर शांततेचा वैरी, अशी आपली समजूत आहे. ती सर्वस्वी चुकीची नाही, पण अपुरी आहे. जुने कर्णे आज देवळांच्या माळ्यावर, शाळांच्या अडगळीत आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर पडलेले दिसतात. ते कसे चालतात, घरात आणि मोकळ्या जागेत कसे मांडावेत, आणि मुख्य म्हणजे शेजाऱ्याची झोप न मोडता त्यांचा लाभ कसा घ्यावा, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम नावाकडे पाहू. कर्णा हे आपल्याकडचे जुने फुंकवाद्य. देवळात आणि सैन्यात तुतारी-शिंगाच्या जोडीने ते वाजे. ग्रामोफोनचे रुंद तोंड पाहून आपल्या लोकांनी त्यालाही कर्णा म्हटले, आणि पुढे लाऊडस्पीकरच्या धातूच्या तोंडालाही तेच नाव चिकटले. ‘भोंगा’ हा शब्दही आहे. परंतु त्यात थोडा राग मिसळलेला असतो. एकाच वस्तूला आदराचे आणि रागाचे अशी दोन नावे का मिळाली, याचे उत्तर तिच्या गुणातच दडलेले आहे.

तो गुण कोणता? हातपंख्याची नुसती काडी कितीही जोराने हलवली तरी वारा येत नाही. पंखा हलवला की येतो. हाताचे श्रम तेच, पण हवेवर पकड बसते. ध्वनीचेही असेच आहे. लहान पडदा मोकळ्या हवेत थरथरला तर त्याची बरीचशी शक्ती वाया जाते. साध्या कागदी शंकूच्या स्पीकरला दिलेल्या विजेच्या शंभर भागांपैकी जेमतेम एखाद-दुसरा भाग आवाज होऊन बाहेर पडतो, बाकीची उष्णता होते. त्याच पडद्यापुढे अरुंद घशापासून रुंद मुखापर्यंत हळूहळू उमलत जाणारी नळी बसवली की पडद्याची हवेवर पकड बसते, आणि चांगल्या कर्ण्यात पंचवीस-तीस भागांपर्यंत आवाज मिळू शकतो. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक घालताना आपण तोंडापुढे हाताची ओंजळ धरतो, तीच ही युक्ती. तिचे गणित आर्थर वेब्स्टर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधीच, १९१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, कॅलिफोर्नियात जेन्सन आणि प्रिडहॅम या जोडीने सॅन फ्रान्सिस्कोच्या जनसमुदायाला कर्ण्यातून गाणी आणि भाषणे ऐकवली होती.

त्या काळी वीजशक्तीने आवाज वाढवणारी यंत्रे दुबळी होती. दोन-चार वॉट म्हणजे चैन. म्हणून कर्णा अपरिहार्य होता. आपल्याकडे लोकमान्यांच्या सभा केवळ कंठाच्या बळावर झाल्या. १९२० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ध्वनिवर्धक आपल्या सभांपर्यंत पोहोचला नव्हता. १९३१ च्या कराची काँग्रेसपासून मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’चे कर्णे राष्ट्रीय सभांच्या मांडवांत दिसू लागले. हेच नानिक मोटवाने १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर आरोपी होते. मागच्या रांगेतल्या माणसालाही पुढाऱ्याचा शब्द पहिल्या रांगेइतकाच स्पष्ट ऐकू येणे, ही लोकशाहीतली लहान गोष्ट नव्हे. ‘कर्णा’ या नावामागचा आदर तो हा.

आता राग. यंत्रे सबळ झाली. शेकडो वॉट स्वस्तात मिळू लागले. पण दोन वॉटांसाठी जन्मलेला कर्णा तोच राहिला. थोडा हिशेब करू. जाहीर सभांच्या साध्या कर्ण्याला एक वॉट दिला तर एक मीटरवर सुमारे १०८ डेसिबल आवाज होतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे ३२ मीटरवर, कर्ण्याच्या थेट समोर, ७८ डेसिबल उरतात. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी वस्तीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. एका वॉटाने जर हे होत असेल, तर शंभर वॉटांचे काय, हे सांगायला नको. दोष कर्ण्याचा नाही. त्याची शक्ती न ओळखता त्याला पोसणाऱ्याचा आहे.

घरातल्या मांडणीकडे वळू. जुना कर्णा मिळाला की आधी त्याचे ‘युनिट’, म्हणजे मागचा चुंबक आणि पडदा असलेला भाग, तपासावा. १६ ओहमच्या युनिटच्या तारांना मीटर लावला तर साधारण १० ते १४ ओहम दिसावेत. काहीच दिसले नाही तर आतली तार तुटलेली आहे. पुष्कळ देशी युनिटांचे पडदे बदलता येतात. आपल्या शहरात कोठीच्या गुजराती गल्लीत त्यांची चौकशी करावी. युनिट उघडायचे तर स्वच्छ कोऱ्या कागदावर उघडावे. चुंबकाच्या फटीत लोखंडाचा एक कण शिरला तरी आवाज कायमचा खरखरतो. युनिट आणि कर्णा यांच्यामधली चकती झिजली असेल तर नवी घालावी, नाहीतर तिथून हवा निसटते आणि आवाज पातळ होतो. पत्र्यावर टिचकी मारून पाहावी. घंटेसारखा नाद आला तर बाहेरच्या बाजूने जाड कापड किंवा सुतळी घट्ट गुंडाळावी. त्या नादानेच गायकाचा आवाज ‘डब्यातून’ आल्यासारखा वाटतो. महायुद्धापूर्वीच्या काही युनिटांत कायमचा चुंबक नसून विद्युत्चुंबक असतो. त्याला वेगळा डीसी पुरवठा लागतो; ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

दुसरी गोष्ट मर्यादेची. कर्णा किती खालचा स्वर देईल हे त्याच्या मुखावर ठरते. मुखाचा परीघ साधारण त्या स्वराच्या तरंगलांबीइतका असावा लागतो. ३०० हर्ट्झसाठी सुमारे ३७ सेंटिमीटर व्यासाचे मुख पुरते. १०० हर्ट्झसाठी १ मीटर १० सेंटिमीटर लागते. म्हणूनच तबल्याचा डग्गा आणि तंबोऱ्याचा खर्ज छोट्या कर्ण्यातून येत नाही. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात खोलीचा कोपराच कर्ण्याचा पुढचा भाग म्हणून वापरला, ती या अडचणीवरची सुंदर तोड होती. आपण सोपा मार्ग घ्यावा : खालचे स्वर पेटीत बसवलेल्या शंकूच्या स्पीकरकडे द्यावेत आणि वरचे कर्ण्याकडे. कर्ण्याच्या तारेत सुमारे २० मायक्रोफॅरडचा, धन-ऋण भेद नसलेला कपॅसिटर घातला तर १६ ओहमच्या युनिटकडे ५०० हर्ट्झच्या खालचे स्वर कमी कमी होत जातात आणि पडदाही सुरक्षित राहतो.

कर्णा शंकूच्या स्पीकरपेक्षा सुमारे २० डेसिबलने, म्हणजे शक्तीच्या हिशेबात शंभरपटीने, तिखट असतो. म्हणून त्याच्या वाटेत आवाज उतरवणारा नियंत्रक हवाच. घरी वॉटाचा शंभरावा भागसुद्धा पुरतो. त्यामुळे मोठ्या अँप्लिफायरपेक्षा लहान आणि शांत अँप्लिफायर बरा. साध्या स्पीकरवर न जाणवणारी गुणगुण कर्ण्यावर स्पष्ट ऐकू येते.

कर्णा आणि शंकू यांची जागाही जुळवावी लागते. ध्वनीला एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. कर्ण्याचा पडदा नळीच्या मागच्या टोकाला असतो. लांब नळी असेल तर त्याचा आवाज मागाहून येतो, आणि तबल्याची थाप दुभंगते. १९३० च्या दशकात हॉलिवूडच्या ध्वनितज्ज्ञांना नर्तिकेच्या पदन्यासाचा टाळ असाच दोनदा ऐकू आला आणि चित्रपटगृहांचे कर्णे नव्याने रचावे लागले. घरी उपाय सोपा : दोन्ही पडदे कानापासून समान अंतरावर येतील अशी पेटी पुढेमागे सरकवावी. ऐकणाऱ्याने निदान तीन मीटर दूर बसावे, कर्ण्याचे मुख बसलेल्याच्या कानाच्या उंचीवर असावे.

आणि खोली? आपली घरे स्लॅबची, फरशीची, गुळगुळीत गिलाव्याची. कर्णा आवाज एका दिशेने फेकतो, तो समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो. या दुखण्यावरचे उत्तम औषध आपल्या सभासदांच्या घरी आधीच आहे : पुस्तकांची भरलेली कपाटे! लहानमोठ्या, पुढेमागे सरकलेल्या पुस्तकांवर आदळून ध्वनी विखुरतो. जमिनीवर सतरंजी आणि समोर उघडे कपाट एवढ्याने खोली सुधारते. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले, तेव्हाचे गायक कर्ण्यात तोंड घालून गात आणि तो आवाज थेट मेणावर उमटे. विजेचे ध्वनिमुद्रण १९२५ नंतरचे. ते सुरुवातीचे गाणे पुन्हा कर्ण्यातून ऐकताना कंठ एकदम समोर आल्यासारखा वाटतो.

आता अंगण. आपल्या तारनाक्यात उस्मानिया विद्यापीठ आहे, प्रयोगशाळा आहेत, आरटीसीचे रुग्णालय आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही; २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्बंध उचलून धरला. खाजगी यंत्राचा आवाज आपल्या आवाराच्या सीमेवर त्या भागाच्या ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक चढू नये, असेही नियम सांगतात. सार्वजनिक कार्यक्रमाला लेखी परवानगी घ्यावीच.

शंभर श्रोत्यांची सभा असेल तर शेवटची रांग फारतर १६ मीटरवर असते. तिथे ७० डेसिबल म्हणजे स्पष्ट भाषण. वरच्याच हिशेबाने त्याला एका वॉटाचा पंचविसावा भाग लागतो! एक मोठा कर्णा गच्चीवर चढवून गावभर तोंड करण्यापेक्षा दोन-तीन लहान कर्णे श्रोत्यांजवळ, तीन-चार मीटर उंचीवर, शेवटच्या रांगेकडे झुकवून लावावेत. मुखे आतल्या बाजूला आणि पाठ शेजारच्या घरांकडे असावी. मायक्रोफोन नेहमी कर्ण्यांच्या मागे, नाहीतर शिट्टी सुरू होते. दोन कर्ण्यांच्या अंतरातला फरक १७ मीटरच्या पुढे गेला तर ५० मिलिसेकंदांचा उशीर होतो आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येऊ लागतो. त्याआधीच शब्दांच्या कडा बोथट होतात. म्हणून लांब मांडवात कर्ण्यांमधले अंतर कमी ठेवावे.

लांब तारेसाठी शंभर व्होल्टची लाइन वापरतात. प्रत्येक कर्ण्याच्या ट्रान्सफॉर्मरवर वॉट निवडता येतात. त्यांची बेरीज अँप्लिफायरच्या क्षमतेच्या चार-पंचमांशापेक्षा अधिक नसावी. या तारेला हात लागला तर धक्का बसतो, म्हणून जोड उघडे ठेवू नयेत, आणि पावसाळ्यात तर अजिबात नाही. दोन कर्ण्यांच्या तारा उलटसुलट जोडल्या तर मधोमध बसलेल्यास आवाज पोकळ वाटतो. एकाच्या तारा बदलून पाहाव्यात, भरदार वाटेल ती जोडणी बरोबर.

एक गोष्ट दख्खनच्या हवेची. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते, वरची हवा तुलनेने उबदार राहते, आणि वर निघालेला ध्वनी वाकून पुन्हा जमिनीकडे येतो. म्हणूनच माघातले दूरचे भजन मध्यरात्री उशाशी आल्यासारखे वाटते. दुपारी निरुपद्रवी असलेली मांडणी रात्री त्रासदायक होते ती अशी. सूर्यास्तानंतर आवाज उतरवणे हे शास्त्रही आहे आणि सौजन्यही.

बंधुभगिनींनो, या सभेत साठी-सत्तरी ओलांडलेले पुष्कळ श्रोते आहेत. वयोमानाने प्रथम कमी होतात ते उंच स्वर. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजने निसटतात. अशा श्रोत्याला अधिक मोठा आवाज नको असतो, अधिक स्पष्ट शब्द हवा असतो. नीट मांडलेला लहान कर्णा नेमके तेच देतो. वाईट मांडलेल्या ध्वनिवर्धकामुळे आपली वडीलधारी मंडळी व्याख्यानांना येईनाशी होतात, आणि येत नाहीत याची कुणाला चाहूलही लागत नाही. दुसरीकडे, भिंतीपलीकडे परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी किंवा अंथरुणाला खिळलेला रुग्ण आपली तक्रार सांगायला येत नाही. या दोघांनाही न दुखावणे हीच कर्ण्याची खरी परीक्षा आहे.

म्हणून ग्रंथालयाला माझी दोन नम्र सूचना आहेत. सभासदांनी घरचे जुने कर्णे भंगारात देण्यापूर्वी एकदा ग्रंथालयाला विचारावे; दुरुस्त होण्याजोगी एखादी जोडी इथे जपावी आणि तिच्यावर जुन्या ध्वनिमुद्रिका महिन्यातून एकदा ऐकवाव्यात. आणि प्रत्येक कार्यक्रमापूर्वी एका कार्यकर्त्याने दोन जागी उभे राहून ऐकावे : प्रथम शेवटच्या रांगेत, मग शेजारच्या घराच्या फाटकाशी. पहिल्या जागी प्रत्येक शब्द कळावा, दुसऱ्या जागी एकही कळू नये. एवढे साधले की भोंगा पुन्हा कर्णा होईल.